कलमं पाठ नकोत, पहिला फोन कुणाला ते शिकवा

पत्र : मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. आठवी-नववीच्या चार तुकड्या, मुलं ११८. या वर्षी शाळेतलं कायदेविषयक साक्षरता मंडळ माझ्याकडे आलं आहे. गेल्या वर्षी एका वकिलांचं व्याख्यान झालं. दीड तास कलमं ऐकून मुलं पेंगली. शेवटी नववीतल्या एका मुलानं विचारलं, "पोलिसांनी गाडी अडवली तर चावी काढून घेता येते का?" सगळे हसले आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. मला या वर्षी हे नीट करायचं आहे, पण माझं कायद्याचं शिक्षण नाही. किती तास घेऊ, काय शिकवू? एखाद्या मुलीनं घरातली गोष्ट सांगितली तर माझ्यावर काय येतं? आणि "पोरांना कायदे शिकवून डोक्यावर बसवताय" म्हणणाऱ्या पालकांना काय सांगू?

उत्तर :

नमस्कार मॅडम,

त्या मुलाचं उत्तर आधी देऊ, कारण तुमचा अख्खा कार्यक्रम त्या एका प्रश्नात आहे.

मोटार वाहन कायद्यात चावी काढून घेण्याचा अधिकार असा कुठे लिहिलेला नाही. गणवेशातल्या पोलिसानं हात दाखवला तर थांबावं लागतं, परवाना मागितला तर दाखवावा लागतो. पण परवाना नसताना किंवा वय बसत नसताना गाडी चालवत असाल, तर कलम २०७ खाली चावीच काय, गाडीच ताब्यात घेता येते. नववीतला मुलगा हा प्रश्न विचारतो तेव्हा तो बहुधा गाडी चालवतो, आणि त्याला खरं तर पुढचं कळायला हवं. परवान्याचं वय १८. सोळाव्या वर्षाची सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला आहे, आणि गावात दिसणाऱ्या स्कूटी त्याच्या पुष्कळ वरच्या असतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. 'माझ्या नकळत नेली' हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बापावरच असते. हा प्रश्न त्या दिवशी घेतला असता तर पेंगणारी मुलं जागी झाली असती.

म्हणून पद्धत उलटी करा. आधी प्रसंग, मग मुलांचं मत, मग कायदा काय म्हणतो, आणि शेवटी 'आता पहिलं पाऊल काय?' १९७२ मध्ये अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी शाखेतल्या विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टनच्या शाळांत रोजच्या व्यवहारातला कायदा शिकवायला सुरुवात केली, तेव्हापासून जगभर हा क्रम टिकला आहे, कारण तो चालतो. कलमाचा आकडा मूल आठवड्यात विसरतं. कुणाला सांगायचं, काय सांगायचं आणि कुठला कागद हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढं त्याच्याजवळ राहिलं तरी कार्यक्रम सार्थकी लागला असं धरा. तुमचं कायद्याचं शिक्षण नाही याची चिंता म्हणूनच करू नका. प्रसंग रंगवणं आणि मुलांना बोलतं करणं हे शिक्षकाचं काम आहे. वकील लागतो तो उत्तर तपासायला.

आता तासांचं गणित. तुमच्या जिल्ह्यात वेळापत्रक ऊस ठरवतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर कितीतरी मुलं कारखान्यावर जातात; हंगामी वसतिगृहात सगळीच राहत नाहीत. तरीही बहुतेक शाळा हा कार्यक्रम ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला किंवा २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला सुरू करतात. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, ती मुलं तेव्हा फडात असतात. तुम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा आणि सप्टेंबरअखेर संपवा. प्रत्येक तुकडीला सहा जोडतास. चार तुकड्यांचे चोवीस होतात, म्हणजे बारा आठवड्यांत आठवड्याला दोन. एक नागरिकशास्त्राच्या तासिकांतून निघेल, दुसरा शनिवारी. दोन तुकड्या एकत्र बसवून वेळ वाचवू नका. साठ मुलांत फक्त पुढच्या दोन बाकांवरची बोलतात.

पण पहिल्या तासाआधी एक काम आहे, आणि ते झालं नसेल तर कार्यक्रम सुरूच करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलांना तुम्ही सांगणार की त्रास होत असेल तर बोला. मग कुणीतरी बोलणार. त्या दिवशी शाळेनं काय करायचं हे आधी ठरलेलं हवं.

तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर असं : कळवलंत तर तुमच्यावर काही येत नाही, न कळवलंत तर येतं. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, त्या प्रत्येकानं स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड. उलट, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. आणि हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. पत्रात तुम्ही फक्त मुलीचं लिहिलंत म्हणून सांगतो.

बिघडतं कुठे? 'आधी खात्री करून घेऊ' इथे. चांगल्या मनाचे शिक्षक मुलीला चार जणांसमोर चार वेळा तेच सांगायला लावतात, घरच्यांना बोलावतात, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच समोर बसवून विचारतात. संध्याकाळपर्यंत मुलीवर दबाव येतो आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणते, असं काही झालंच नाही. चौकशी हे शाळेचं काम नाही. मूल बोलेल तेवढं शांतपणे ऐका. 'मग काय झालं?' याच्यापुढे खोदून विचारू नका. ती उठून गेल्यावर लगेच तिच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवा. 'अतिप्रसंग' वगैरे आपले शब्द घालू नका. मुख्याध्यापकांना सांगा आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा. तिच्यासाठी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवरूनही मदत मिळते. मुख्याध्यापक टाळत असतील तरी तुमची स्वतःची जबाबदारी संपत नाही. पुढे जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. हे तुम्हाला माहीत असेल तर ठाण्यात तुम्ही तिच्या बाजूला ठामपणे उभ्या राहू शकता. तिचं नाव शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये, आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा नाही.

म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापक, तुम्ही, आणखी एक शिक्षक आणि शाळेची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली) अर्धा तास बसा आणि एका कागदावर लिहा : मूल कुणाशी बोलू शकेल, कुठल्या खोलीत, पोलीस ठाण्याचा क्रमांक, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा क्रमांक, मुख्याध्यापक रजेवर असतील तर कोण. आणि पहिल्याच तासाला मुलांना खरं सांगा : 'तुम्ही सांगितलेलं बहुतेक मी कुणाला सांगणार नाही; पण कुणी तुम्हाला इजा करत असेल तर ते मला पोटात ठेवता येणार नाही, मदत आणावीच लागेल.' आधी गुप्ततेचा शब्द देऊन नंतर मोडला, तर ते मूल पुन्हा कुठल्याही मोठ्या माणसावर विश्वास ठेवत नाही.

आता प्रश्नपेटी. बुटाचा खोका चालेल, पण कुलूपवाल्या तक्रारपेटीपासून ती वेगळी ठेवा. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकाच आकाराचा कोरा कागद द्या आणि 'कायदा, पोलीस, कोर्ट याबद्दल मला पडलेला प्रश्न' लिहायला सांगा. ज्याला काही विचारायचं नाही त्यानं 'काही नाही' लिहून टाकायचं. कागद मात्र प्रत्येकानं टाकायचा. असं केलं नाही तर कोण पेटीकडे गेलं हे सगळ्यांना दिसतं आणि खरे प्रश्न येत नाहीत. पेटी दोघांनी मिळून उघडा. चिठ्ठ्यांवरून तासांचे विषय पक्के होतील, पण सुरुवातीला हा क्रम धरा : गाडी आणि पोलीस, तक्रार लिहिणं, शरीराची सुरक्षितता, बालविवाह, मोबाइल, आणि शेवटी तंबाखूच्या दुकानांची मोजणी. सुरक्षिततेचा तास मुद्दाम तिसरा ठेवला आहे. पहिला ठेवला तर मुलं अजून मोकळी झालेली नसतात; शेवटचा ठेवला तर बोलावंसं वाटणाऱ्या मुलाला तुम्ही पुढच्या आठवड्यात वर्गात भेटत नाही. या तासाला मुलगे-मुली दोघांनाही तेच सांगा : १८ वर्षांखालच्या व्यक्तीची 'संमती' पोक्सो कायदा मानत नाही. प्रेमप्रकरणांबद्दल चिठ्ठ्या येतीलच. त्यांना उपदेश न करता हेच एक वाक्य स्पष्ट सांगा. माहितीचा अधिकार, ग्राहक कायदा, संपत्तीचे हक्क हे दहावीसाठी राखून ठेवा. सहा तासांत अठरा कायदे बसवायला गेलात तर गेल्या वर्षीचंच व्याख्यान पुन्हा होईल.

तक्रारीच्या तासाला प्रसंग द्या : शाळेबाहेर लावलेली सायकल नाहीशी झाली. पाच-पाच मुलांच्या गटानं ठाण्यात द्यायचा अर्ज वीस मिनिटांत लिहायचा. मग अर्ज दुसऱ्या गटाला द्या. तो गट ठाणे अंमलदार बनून प्रश्न विचारेल. नव्वद टक्के चुका तिथेच उघड होतात. मुलं 'सायकल हरवली' लिहितात. हरवली लिहिलं की गहाळ झाल्याची नोंद होते, चोरीची नाही. वेळ लिहीत नाहीत. सायकलच्या सांगाड्यावरचा क्रमांक कुणाला माहीत नसतो. त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या सायकलचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा. आणि पुरावा नसताना शेजारच्या पोराचं नाव घालतात. मग सांगा : दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना थेट तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. नोंद घ्यायला नकार दिला तर तोच मजकूर टपालानं पोलीस अधीक्षकांना, तरी नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. एक बारकावा तुम्हाला माहीत हवा, कारण एखादं हुशार पोर अडवेल : नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. जुनी सायकल तीन हजारांची असेल तर ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली जाईल, एफआयआर नाही. याच तासाला हेही सांगून टाका की पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कुठल्याही वयाच्या मुलीला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी जायचं असतं. आणि अठराखालच्या कुणालाही कोठडीत टाकता येत नाही, त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं.

इथे छापील साहित्याबद्दल सावध करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. शाळेत पडलेल्या पुस्तिका आणि भिंतीवरचे तक्ते त्याआधीचे असतील. भादंवि, ३५४, ३७६, ४२० हे दिसलं की तक्ता जुना समजा. बोलीत 'चारसोबीस' राहील, पण फसवणुकीचं ते कलम आता ३१८(४) आहे. जुना कायदा आता फक्त त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांपुरता. तसंच कुणी 'सोशल मीडियावर काही लिहिलं तर ६६अ लागतं' (म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम) असं सांगत असेल तर ते चूक आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती, त्या वादातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. मोबाइलच्या तासाला हा प्रसंग जरूर घ्या. त्याच तासाला त्याच कायद्याचं कलम ६७ब सांगा : बालकाचं अश्लील चित्र किंवा चित्रफीत पुढे पाठवणं, उतरवून घेणं, साठवणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. पाठवणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण 'मी फक्त फॉरवर्ड केलं' ही सबब चालत नाही. ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर फोन १९३० ला, आणि जितक्या लवकर तितकं बरं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला थांबवता येतात.

बालविवाहाचा तास तुमच्या भागात सर्वांत महत्त्वाचा. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, उचल (आगाऊ रक्कम) जोडीवर मिळते, आणि पोरीला पाठीमागे कुणाकडे ठेवायचं ही आईची भीती खरी असते. म्हणून वर्गात आईबापांना दोषी ठरवू नका. अर्ध्या वर्गाच्या घरची ती गोष्ट आहे. प्रसंग असा द्या : शेजारच्या वस्तीवरची सोळा वर्षांची मुलगी, दहा दिवसांवर लग्न. गटानं साठ सेकंदांत फोनवर काय सांगायचं ते ठरवायचं आणि करून दाखवायचं. मुलं 'लवकर या' म्हणतात आणि तालुका सांगायला विसरतात. फोनवर लागतं ते एवढंच : गाव, तालुका, मुलीचं नाव आणि अंदाजे वय, ती कुठल्या शाळेत होती, लग्नाची तारीख आणि जागा. आपलं नाव सांगायलाच हवं असं नाही. फोन १०९८ ला किंवा ११२ ला. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. वयाचा पुरावा तुमच्याच कपाटात आहे, शाळेचं जनरल रजिस्टर. त्यातला उतारा वेळेवर मिळाला नाही म्हणून कारवाई अडते, तेव्हा तो कुणी द्यायचा हे आधीच ठरवून ठेवा.

या तासाला एक चुकीचं वाक्य सर्रास सांगितलं जातं : 'बालविवाह आपोआप रद्द होतो.' तसं नाही. २००६ च्या कायद्यानुसार असं लग्न रद्द करून घेता येण्याजोगं असतं. लग्नाच्या वेळी जी व्यक्ती बालक होती तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुलीला पळवून, जबरदस्तीनं, फसवून किंवा विकून लावलेलं लग्न मात्र मुळातच अवैध. आणि लग्नाआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा मनाई हुकूम आणला, तर तो मोडून लावलेलं लग्नही अवैधच ठरतं. म्हणून दहा दिवस आधी आलेला फोन मांडवातल्या फोनपेक्षा कितीतरी मोलाचा. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हेही सांगा.

तंबाखूची मोजणी हा मुलांचा आवडता तास होईल, आणि यात गणिताच्या शिक्षकांना घ्या. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मैदान आखायचा ३० मीटरचा टेप घ्या. मुलं हमखास फाटकापासून रस्त्यानं मोजत जातात आणि दुकान १२० मीटरवर निघतं. नियम वेगळा आहे : अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी धरायचं. मागच्या भिंतीपासून तेच दुकान ६० मीटरवर असू शकतं. कागदावर १ सेंटीमीटरला १० मीटर या प्रमाणात शाळेचा नकाशा काढायचा, कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यातून ९.१ सेंटीमीटरचे चाप मारायचे, ते सरळ रेषांनी जोडायचे, आणि आत कोणती दुकानं येतात ते पाहायचं. शाळेनं स्वतः बंदीची पाटी लावली आहे का, तेही तपासा. ती लावणं शाळेवर बंधनकारक आहे. या गुन्ह्याला दंड फक्त २०० रुपयांपर्यंत. पण मुलाच्या हातात तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहा आणि विचारा, एवढा फरक का? ती चर्चा पुढचा अर्धा तास खाईल, खाऊ द्या. मुलांनी दुकानदाराशी वाद घालायचा नाही, परीक्षा पाहायला पुडी विकत आणायची नाही. नकाशा जोडून पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला.

पालकांसाठी जूनच्या सभेत वीस मिनिटं मागून घ्या आणि बोलायला सुरुवात १९९अ पासून करा. मुलानं स्कूटी काढली तर तुरुंग बापाला, हे कळलं की सभा ऐकू लागते. मग सहा तासांचे विषय वाचून दाखवा. त्यातले निम्मे मुलांनी काय करू नये याबद्दलच आहेत. हक्क शिकलेलं मूल उद्धट होतं ही भीती तेवढ्यानं पूर्ण जाणार नाही, पण बोलणं सुरू होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी सप्टेंबरच्या शेवटी एक वेगळी बैठक घ्या. फोन बापाच्या खिशात असतो, म्हणून क्रमांक कार्डावर नको, पाठ हवेत : १०९८, ११२ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१००. तिन्ही देशभर चालतात, कारखाना सांगलीचा असो की कर्नाटकातला. आठवीपर्यंतच्या मुलांना हेही सांगा की शिक्षण हक्क कायद्यानुसार कारखान्याजवळच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बसता येतं आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मागितल्यावर लगेच देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. यात तुमच्या शाळेचं कार्यालयही आलं.

न्यायालयाची भेट नववीसाठीच ठेवा, एका वेळी पंचवीस-तीस मुलं. तालुका न्यायालयाकडे आधी लेखी विचारा आणि साधे दिवाणी-फौजदारी दावे बोर्डावर असलेला दिवस मागा. निघण्याआधी वर्गात सांगून ठेवा की हातोडा आणि गीतेवर हात हे सिनेमातलं आहे, नाहीतर मुलं तेच शोधत बसतात. प्रत्येकानं तीन गोष्टी टिपून आणायच्या : कोण कुठे बसतं, किती प्रकरणांत नुसती पुढची तारीख पडली, आणि साक्षीदाराला काय विचारलं. परत आल्यावर अभिरूप न्यायालय घ्यायचं असेल तर एक पानी प्रसंग पुरे, लैंगिक गुन्ह्याचा विषय अजिबात नको. ज्यांना भूमिका नाहीत त्या प्रत्येकानं स्वतःचा निकाल कारणांसह लिहायचा. नाटकात चार मुलं चमकतात, निकाल लिहिताना सगळा वर्ग विचार करतो.

गुण देऊ नका. पहिल्या तासाला दहा प्रसंग देऊन 'पहिलं काय कराल, कुणाला सांगाल?' एवढं लिहून घ्या. तेच दहा शेवटच्या तासाला आणि शक्य झालं तर एप्रिलमध्ये मुलं परत आल्यावर पुन्हा. कुठल्या प्रसंगात उत्तर बदललं नाही, ते पुढच्या वर्षी आधी घ्या.

राहिला वकिलांचा प्रश्न. तुमच्या तालुका न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. त्यांच्या पॅनेलवरचे वकील आणि विधी स्वयंसेवक शाळेत विनामूल्य येतात. मानधन, शाल-श्रीफळ काही लागत नाही. जवळ विधी महाविद्यालय असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांना गटांबरोबर बसवा, मुलं त्यांच्याशी जास्त मोकळी बोलतात. पण दहा प्रसंगांची उत्तरं तपासून घ्यायची ती अनुभवी वकिलाकडूनच. पत्र 'मा. अध्यक्ष, तालुका विधी सेवा समिती' या नावानं, मुख्याध्यापकांच्या सहीनं, तीन आठवडे आधी द्या. त्यात दोन पर्यायी तारखा, इयत्ता, मुलांची संख्या, त्या दिवशीचा एकच विषय आणि 'बोलणं २० मिनिटं, उरलेला वेळ मुलांचे प्रश्न' हे स्पष्ट लिहा. सोबत पेटीतले दहा प्रश्न जोडा, म्हणजे वकील तयारीनं येतील. ते प्रश्न तुमच्या हातानं उतरवून द्या, मुलांच्या मूळ चिठ्ठ्या नकोत. गाव लहान आहे, अक्षर ओळखू येतं.